शोकेसमधली काचेची फळी रात्री आपोआप कशी फुटते?

कोणाचा हात न लागता शोकेसमधली फळी मध्यरात्री तडकली, हे दमट हवेमुळे होऊ शकतं का आणि आता कोणती काच बसवावी, असं तुम्ही विचारलंय. होऊ शकतं. आमच्या साडूंना मात्र ते आजही पटत नाही.

मी बडोद्यात बाटल्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो, आता निवृत्त आहे. साडू रावपुऱ्यात राहतात. त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या फळीवर पितळी समया आणि चांदीची भांडी वर्षानुवर्षं एकाच जागी. एका भाद्रपदात, गौरी जेवल्या त्या रात्री, सगळं धाडकन खाली. खापर फुटलं कामाच्या मावशींवर, कारण सकाळी त्यांनी तिथे फडकं मारलं होतं. पगारातून पैसेही कापले.

मी तुकडे गोळा करून बसलो. तडा जिथून निघतो तिथे काचेची तुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत असते, पुढे धूसर होते, मग खरबरीत. फाटेही मुळापासून लांब फुटतात. माग काढत गेलो तो थेट मिस्त्रीने पाडलेल्या भोकाशी पोचलो. भोकाच्या कडेचा टवका उडालेला आणि तिथेच स्क्रू करकचून आवळलेला.

साडू म्हणाले, "पाण्याने काच फुटते, तर पेला रोज फुटायला हवा!" अहो, पेल्यावर ताण कुठे असतो? नुसती ओल काही करत नाही. चीर हवी, ती उघडू पाहणारा ताण हवा आणि तो सतत हवा. चिरेच्या टोकाशी सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध आधीच ताणलेले असतात. बाष्पाचा रेणू तिथे शिरतो, बंध तोडतो आणि स्वतः दुभंगून दोन्ही तुटक्या टोकांना चिकटतो. चीर तेवढी पुढे सरकते, मग पुढचा बंध. हे महिनोन्‌महिने डोळ्यांना न दिसता चालतं. चीर पुरेशी लांबली की पाण्याचीही गरज उरत नाही, तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो. काचेची ताकद भार किती वेळ टिकून आहे यावरही अवलंबून असते, हे फ्रान्समध्ये लुई ग्रेने यांनी १८९९ मध्येच दाखवलं होतं. निर्वातात किंवा द्रव नायट्रोजनच्या थंडीत, उणे १९६ अंशांना, हा प्रकार जवळजवळ थांबतो.

एवढं ऐकून साडू काय म्हणाले? "म्हणजे ओल्या फडक्यानेच ना!" आता काय बोलायचं! बडोद्याच्या पावसाळ्यात चिरेला पुरेल एवढं बाष्प हवेतच असतं. फडकं कोरडं असतं तरी फळी पडलीच असती.

तुमच्यासाठी: टफन काच (तापवून झपाट्याने थंड केलेली, जास्त मजबूत) घ्या, भोकं न पाडता ब्रॅकेटांवर ठेवा, कडा घासून पॉलिश केलेल्या हव्यात. भोक पाडायचंच असेल तर टफन करण्याआधी, नंतर ती कापता येत नाही. टवका उडालेला तुकडा दुकानदाराने कितीही स्वस्तात दिला तरी नको. आणि तुमच्याकडेही कोणाचे पैसे कापले असतील तर नवी काच आणण्याआधी ते परत करा. आमच्या मावशींना अजून मिळालेले नाहीत.

 

टफन काचही कधीकधी आपोआप फुटते, पण तिथे दोष बहुधा आत अडकलेल्या निकेल सल्फाइडच्या कणाचा असतो, ओलीचा नाही. आणि तुमच्या शोकेसमध्ये काचेजवळ तापणारा हॅलोजनचा दिवा असेल, तर एक भाग गरम आणि कडा थंड राहून काच तडकू शकते. तसं असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. साडूंच्या शोकेसमध्ये दिवाच नव्हता.