व्हॉल्टचं टोकन पुन्हा सीआयमध्येच ठेवायचं, तर मग व्हॉल्ट कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याचं काम) गिटहब ॲक्शन्स या सीआयवर, म्हणजे कोड बदलला की तो आपोआप तपासून बांधणाऱ्या सेवेवर, चालतो, सगळे पासवर्ड आणि टोकनं तुम्ही हॅशिकॉर्प व्हॉल्ट या गुपितं ठेवायच्या तिजोरीत हलवलीत, पण व्हॉल्टमध्ये शिरायला लागणारं टोकन शेवटी रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) सीक्रेट्समध्येच टाकावं लागलं. मग सुरक्षितता वाढली, की नुसती एक पायरी?

आत्ता आहे तसंच ठेवलंत तर बहुतांशी पायरीच वाढली. ऑडिट लॉग मिळाला, पासवर्ड एका जागी बदलता येतात, हे फायदे आहेतच. पण ते एक टोकन ज्याच्या हाती लागेल त्याला त्या टोकनच्या पॉलिसीत (काय काय वाचता येईल त्या नियमांत) बसणारं सगळं एकदम मिळतं. या अडचणीला 'सीक्रेट झीरो' म्हणतात, आणि तिच्यावरचा तोडगा म्हणजे हे पहिलं गुपित कुठे साठवायचंच नाही. बिल्डने आपली ओळख पटवून आत यायचं.

गिटहब ॲक्शन्समध्ये ही सोय २०२१ पासून आहे, ओआयडीसी (ओपनआयडी कनेक्ट, ओळख पटवण्याची एक पद्धत) नावाने. वर्कफ्लोमध्ये (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये) आयडी-टोकनसाठी 'राइट' परवानगी दिली की तो जॉब गिटहबकडून सही केलेलं एक जेडब्ल्यूटी, म्हणजे ओळखपत्रासारखं टोकन, मागून घेऊ शकतो. त्यात लिहिलेलं असतं की हा जॉब कुठल्या रेपोतला, कुठल्या ब्रँचवरचा, कुठल्या एन्व्हायर्नमेंटसाठीचा (उदाहरणार्थ प्रॉडक्शन). व्हॉल्टच्या जेडब्ल्यूटी ऑथला गिटहबचा पत्ता एकदा सांगून ठेवला की तो गिटहबच्या पब्लिक की घेऊन सही पडताळतो, आतली माहिती तुमच्या अटींशी जुळते का ते बघतो आणि थोड्या मिनिटांचं टोकन देतो. जॉब संपला, मुदत संपली, की त्या टोकनचा कुणाला उपयोग नाही. एडब्ल्यूएस, गूगल क्लाउड, ॲझ्युर यांच्याशीही असंच जोडता येतं, आणि गिटलॅबमध्येही आयडी टोकन आहेत.

आता खरी मेख. सगळा भरवसा त्या अटींवर आहे, आणि लोक नेमक्या त्याच घाईत लिहितात. टोकन देणारा इश्यूअर सगळ्या गिटहब डॉट कॉमसाठी एकच आहे. तुम्ही फक्त इश्यूअर आणि ऑडियन्स (टोकन कुणाला दाखवायचं आहे ते) तपासलात, तर जगातल्या कुठल्याही अनोळखी खात्याच्या रेपोतला जॉब तुमच्या दारातून आत येऊ शकतो, कारण ऑडियन्स काय लिहायचा हे टोकन मागणारा जॉबच ठरवतो. म्हणून 'सब' हा क्लेम (टोकनमधली, जॉब कुठला ते सांगणारी नोंद) अटीत बांधायचाच. त्यातही संस्थेच्या नावापुढे तारका टाकून मोकळं होऊ नका. तसं केलंत तर कुणीतरी प्रयोगासाठी काढलेल्या रेपोलाही प्रॉडक्शनचा डेटाबेस उघडतो. रेपो आणि एन्व्हायर्नमेंट दोन्ही नेमकं लिहा. पुल रिक्वेस्टवर चालणाऱ्या टेस्टसाठी वेगळा रोल ठेवा, आणि त्याला शक्यतो काहीच देऊ नका. 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' या ट्रिगरवर बाहेरच्या माणसाच्या फोर्कमधला (त्याने काढलेल्या रेपोच्या प्रतीतला) कोड चेकआउट करून चालवणं तर पूर्णपणे टाळा: तो जॉब तुमच्या रेपोच्या अधिकाराने चालतो, म्हणजे परक्याच्या स्क्रिप्टच्या हातात तुमची सीक्रेट्स.

व्हॉल्टमधून गुपित नीट आणलं, तरी बिल्डच्या आत ते सांडतं. हे मी स्वतः बघितलंय. एका जुन्या कामात आम्ही खाजगी एनपीएम (जावास्क्रिप्ट) पॅकेजसाठीचं टोकन डॉकरफाइलला, म्हणजे डॉकर इमेज बनवण्याच्या कृतीला, 'आर्ग' (बिल्डच्या वेळी दिलेलं मूल्य) म्हणून द्यायचो आणि इन्स्टॉल झाल्यावर कॉन्फिग फाइल पुसायचो, त्यामुळे सगळे निश्चिंत. एकदा इमेज एवढी मोठी का झाली म्हणून मी डॉकरची हिस्टरी न छाटता काढली. एका लेयरच्या (इमेजच्या एका थराच्या) ओळीत 'रन', मग एक उभी रेघ, मग १, आणि त्यापुढे टोकनचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि अख्खं टोकन, जसंच्या तसं. ती इमेज कित्येक महिने रजिस्ट्रीत (इमेज ठेवायच्या साठ्यात) होती आणि ती पुल करू शकणाऱ्या प्रत्येकाकडे ते टोकनही होतं. फाइल पुसण्याचाही उपयोग नसतो, कारण एका लेयरमध्ये आलेली फाइल पुढच्या लेयरमध्ये फक्त झाकली जाते.

यासाठी बिल्डकिट या डॉकरच्या बिल्ड इंजिनचा सीक्रेट माउंट वापरा. गुपित त्या एका 'रन'पुरतं फाइल म्हणून दिसतं आणि लेयरमध्ये जात नाही. मात्र तुमची कमांडच ते वाचून दुसऱ्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवत असेल तर ते इमेजमध्ये जाणारच, एवढं बघा.

दुसरी गोष्ट, गुपित ज्या स्टेपला लागतं त्याच स्टेपला द्या. पूर्ण जॉबच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टाकलं की लिंटरपासून (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टूलपासून) टेस्टनी किती कोड तपासला ते पाठवणाऱ्या कव्हरेज अपलोडरपर्यंत सगळ्यांना ते दिसतं. कोडकोव्ह या कव्हरेज सेवेच्या बॅश अपलोडरमध्ये २०२१ साली हेच झालं. ३१ जानेवारीपासून त्या स्क्रिप्टमध्ये हल्लेखोराने घातलेला बदल ग्राहकांच्या सीआयमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बाहेर पाठवत होता, आणि ते कंपनीच्या लक्षात आलं १ एप्रिलला. हल्लेखोराला आत शिरायला जे क्रेडेन्शियल मिळालं, ते त्यांच्या डॉकर इमेज बनवण्याच्या प्रक्रियेतल्या चुकीमुळेच.

लॉगमध्ये गुपिताच्या जागी तीन तारका दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. मास्किंग ठरलेला मजकूर शोधून झाकतं; तोच मजकूर रूप बदलून, उदाहरणार्थ दोनदा बेस६४ करून (वेगळ्या अक्षरांत लिहून, जे सहज उलटवता येतं), छापला तर झाकला जात नाही. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या ॲक्शनचे (वर्कफ्लोत वापरायच्या तयार पायरीचे) टॅग दुष्ट कमिटकडे वळवले गेले, तेव्हा रनरच्या (जॉब चालवणाऱ्या मशीनच्या) मेमरीतली गुपितं दोनदा बेस६४ करूनच लॉगमध्ये छापली गेली. ही ॲक्शन २३,००० हून जास्त रेपोंमध्ये वापरात होती. म्हणून बाहेरच्या ॲक्शन टॅगने नको, पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅशने बांधा. तुमच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे: व्हॉल्टमधून ऐनवेळी आणलेलं मूल्य गिटहबला माहीतच नसतं. हॅशिकॉर्पची व्हॉल्ट ॲक्शन ते आपणहून मास्क करते, पण कर्ल कमांडने आणत असाल तर हातात आल्याबरोबर 'ॲड मास्क' द्यावं लागतं.

शेलमध्ये 'सेट'च्या एक्स पर्यायावर नजर ठेवा, तो प्रत्येक कमांड मूल्यांसकट लॉगमध्ये छापतो, आणि पासवर्ड कमांडच्या ओळीत देऊ नका, तो प्रोसेसच्या यादीत दिसतो. जेनकिन्स या दुसऱ्या सीआयवर असाल तर शेल स्टेपची स्ट्रिंग एकेरी अवतरणात लिहा. दुहेरीत ग्रूव्ही (जेनकिन्सची स्क्रिप्टची भाषा) गुपित आधीच भरून टाकतं.

नवीन रस्ता चालू झाला की रेपोच्या सेटिंग्जमधून जुनं टोकन नुसतं काढू नका, व्हॉल्टमध्ये ते रिव्होक करा. त्याआधी ते आणखी कुठून वापरलं जातंय का हे ऑडिट लॉगमध्ये बघा आणि डिप्लॉय चालू नसेल अशी वेळ निवडा. टोकन रिव्होक झालं की त्यातून निघालेली पोटटोकनं आणि लीजही (मुदतीवर दिलेली गुपितं) त्याच क्षणी जातात, म्हणजे त्यावर घेतलेला डेटाबेसचा तात्पुरता युजर मध्येच बंद पडेल.