दहावीच्या मुलीसाठी टॅबवर लिहायला कोणता स्टायलस घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी खानापूरला मराठी माध्यमात शिकते, यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला आहे. घरी गॅलेक्सी टॅब ए९ प्लस आहे. त्यावर गणितं सोडवायला आणि कन्नड लिहायचा सराव करायला पेन हवाय. बजेट दोन हजार, आणि दुकानदार सॅमसंगचा एस पेन घ्या म्हणतोय.

एस पेन घेऊ नका. तुमच्या टॅबवर तो उमटणारच नाही, कितीही अस्सल असला तरी. ज्या टॅबवर एस पेन चालतो, त्याच्या पडद्याखाली बोट ओळखणाऱ्या थराशिवाय तारांची आणखी एक जाळी असते. ती चुंबकीय क्षेत्र तयार करते, पेनातल्या बारीक कॉइलला त्यातूनच वीज मिळते, आणि पेन कुठे टेकलाय, किती दाबलाय हे टॅबला कळतं. म्हणून तर लिहिण्यासाठी त्याला बॅटरी लागत नाही. टॅब एस६ लाइट किंवा एस९ एफईमध्ये ही जाळी आहे, पेनही बॉक्समध्येच येतो. ए९ प्लसमध्ये ती नाही. ॲपलच्या पेन्सिलीचंही तसंच, ती फक्त आयपॅडवर चालते, तेही ठरावीक पिढीची ठरावीक मॉडेलवर. त्यामुळे पेनाची जाहिरात बघण्याआधी आपला टॅब काय ओळखतो ते बघायचं. हे कळलं की निम्मी दुकानं आपोआप वगळली जातात.

तुमचा टॅब ओळखतो फक्त बोट, म्हणजे पडद्यावरच्या विद्युतभारात बोटामुळे होणारा फरक. मग बोटासारखं वागणारा पेनच घ्यावा लागेल. असे तीन प्रकार बाजारात मिळतात.

रबरी टोकाचा सगळ्यात स्वस्त, शे-दीडशेत येतो. गाणी बदलायला ठीक, तुमच्या मुलीच्या कामाचा नाही. मी निपाणीत गणिताच्या शिकवण्या घेते, मुलांच्या हातात हे पेन रोज बघते. टोक इतकं जाड असतं की आपण काय लिहितोय ते त्याच्याखालीच झाकलं जातं. हलका टेकवला तर उमटत नाही. गणितात दशांशचिन्ह गळतं, मराठीत अनुस्वार गळतो. कन्नडमध्ये तर अक्षराच्या खाली लहानसा ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, बसवायचा असतो. तो या टोकाने नेमक्या जागी बसवायचा म्हणजे अक्षरं दुप्पट मोठी काढावी लागतात, आणि मग एका पानावर चार ओळी मावतात.

दुसरा चकतीवाला. टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची चकती असते, तिच्यातून रेघ दिसते, त्यामुळे नेमकेपणा चांगला. पण मात्रा, वेलांटी, शिरोरेघ यांसाठी आपण हात सारखा उचलतो, आणि दर वेळी टक् टक् आवाज होतो. चकतीखाली धुळीचा कण अडकला तर काचेवर चरे पडतात. चार्जिंग मात्र लागत नाही, हा मोठा गुण. तुमच्या गावी वीज वरचेवर जात असेल तर याचा विचार जरूर करा.

तिसरा बारीक टोकाचा, चार्जिंगवाला. टोक साधारण दीड मिलीमीटरचं, आत छोटी बॅटरी. तुमच्यासाठी मी हाच सुचवेन. दोन हजारांच्या आत बरेच मिळतात, पण घेताना दोन गोष्टी तपासा.

पहिली, पाकिटावर ‘पाम रिजेक्शन’ लिहिलेलं असतं, म्हणजे तळवा टेकला तरी रेघ उमटणार नाही असा दावा. खाली बारीक अक्षरांत वाचा: बहुतेक ठिकाणी तो २०१८ आणि त्यानंतरच्या आयपॅडपुरताच असतो. तुमच्या टॅबला हा पेन आणि तळहात सारखेच वाटतात. त्यावर उपाय म्हणजे करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट झाकणारा चित्रकारांचा हातमोजा, नाहीतर हाताखाली जाड सुती कापडाची घडी. माझे विद्यार्थी घडीच वापरतात. खानापूरच्या पावसात ती तशीही लागेलच, कारण काचेवर पाण्याचा थेंब पडला तरी टॅबला तो स्पर्श वाटतो आणि रेघा भलतीकडे जातात.

दुसरी, तिरकी रेघ. पट्टी लावून पडद्यावर अगदी सावकाश एक तिरकी रेघ ओढा. हलक्या दर्जाचा पेन असेल तर ती नागमोडी येते. आडव्या-उभ्या रेघेत हा दोष लपतो, भरभर ओढली तरी लपतो. भूमितीत त्रिकोण काढताना मात्र लगेच दिसतो. म्हणून बेळगावला खडेबाजारात जाल तेव्हा टॅब सोबत न्या, त्यावर जी काच चिकटवली असेल तिच्यासकट. जाड टेम्पर्ड ग्लासवर काही पेन अडखळतात, आणि दुकानातल्या टॅबवर ते कळणार नाही.

‘४०९६ प्रेशर लेव्हल’ असल्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका. दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होणं चित्रकाराला लागतं, आणि तुमच्या टॅबवर ते या पेनांनी होतही नाही. समीकरण सोडवायला त्याची गरज नाही.

कन्नडच्या सरावासाठी जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या टायपिंगच्या ॲपमध्ये, हस्तलेखनाचा कीबोर्ड सुरू करून द्या. त्यात मराठीही आहे, कन्नडही. मुलीने अक्षर काढलं की बाजूला छापील रूप दिसतं. ओत्तक्षर चुकला असेल तर भलताच शब्द येतो आणि तिचं तिलाच कळतं. माझ्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना याचा खरोखर उपयोग झालाय.

हजार-बाराशेचा पेन पुरे होईल. उरलेल्या पैशांतून त्याच पेनाची जादा टोकं त्याच वेळी घेऊन ठेवा. रोज गणितं सोडवली की टोक झिजतं, आणि स्वस्त पेनांची टोकं पुढे सुटी मिळतीलच असं नाही.