माऊस त्यांच्याच हातात राहू दे

अगं पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. सीनियर ऐकत नाहीत, नवीन सॉफ्टवेअरला हात लावत नाहीत, काही विचारलं की "आमच्या वेळी" सुरू. खरंय, असतात तसे, "तुला नाही कळायचं ते" म्हणून विषय तोडणाऱ्यांचा मलाही वैताग यायचा. पण माझी फजिती ऐक.

लायब्ररीतल्या नोकरीचं पहिलंच वर्ष, स्टॉक टेकिंग म्हणजे पुस्तकांची मोजणी चाललेली. कॉम्प्युटरची पुस्तकं दोन ठिकाणी सापडली, काही ००१.६४ या विषयाच्या नंबरावर, काही ००४ ते ००६ मध्ये, आणि मी वाचक समोर उभे असताना मोठ्याने म्हटलं, हे क्लासिफिकेशन केलंय कुणी? ज्या बाईंनी केलं होतं त्या शेजारीच पुस्तकं इश्यू करत होत्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ड्युईचे, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर देण्याच्या पद्धतीचे, दोन जाडजूड खंड उघडे ठेवलेले, एक जुना एक नवा, पेन्सिलीने खुणा केलेल्या. १९७९ च्या १९ व्या आवृत्तीत कॉम्प्युटर ००१.६४ लाच होता, ००४ ते ००६ ही जागा त्याला १९८५ च्या सुधारणेत मिळाली. म्हणजे दोन्ही नंबर आपापल्या काळात बरोबर! आणि जुनी पुस्तकं बदलायची तर प्रत्येकाचं लेबल, बुक कार्ड, कॅटलॉगची नोंद, सगळंच बदला, तेवढे हात कुठे होते. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त बाईंच्या डोक्यात.

तर "हे चुकलंय" म्हणायच्या आधी "हे असं का ठेवलंय?" विचारत जा, तेही सीनियरांच्या टेबलाशी जाऊन. ग्रुपवर नको. तू सहज टाकलेला प्रश्न त्यांना चारचौघांत काढलेली चूक वाटते, आणि त्यांनी नुसतं "ओके" लिहिलं की तुला वाटतं रागावल्या, बऱ्याचदा टाइप करायचा कंटाळा असतो, बाकी काही नाही.

त्यांना सॉफ्टवेअर शिकवताना मात्र माऊस हातातून घेऊ नकोस. मोह होतो गं, दोन सेकंदांचं काम आणि समोरचं माणूस बटण शोधत बसलंय. पण तू घेतलास की त्या नुसत्या मान हलवतात आणि उद्या परत तेच विचारतात, किंवा विचारतच नाहीत, ते जास्त वाईट. वहीत स्टेप्स त्यांनाच लिहू देत, त्यांच्या शब्दांत.

बाईंशी माझं पुढे छान जमलं, पण सॉरी म्हणायला मला आठ महिने लागले. तू सोमवारीच जा.