पोटोसीच्या चांदीची खरी किंमत कोणी मोजली?

मोजली ती आजच्या बोलिव्हिया आणि दक्षिण पेरूतल्या आदिवासी गावांनी. 1545 मध्ये बोलिव्हियातल्या पोटोसी इथल्या सेरो रिको डोंगरात चांदी सापडली. 1570 च्या दशकात स्पेनच्या राजाचा इथला प्रतिनिधी, व्हाइसरॉय तोलेदोने 'मिता' ही वेठबिगारी लादली: ठरावीक प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एक, वर्षाला साधारण 13 हजार माणसं. चार हजार मीटरहून उंच, विरळ हवेत, अंगठ्याला मेणबत्ती बांधून पाठीवर खनिजाचं ओझं घेत चामड्याच्या शिड्या चढायच्या. भूक मारायला तोंडात कोकाची पानं.

'80 लाख मेले' हा आकडा सर्रास फिरतो, पण त्याला भक्कम आधार नाही. मिता चुकवायला लोक गावं सोडून पळाले, तेही ओसाडीचं मोठं कारण.

पाऱ्याचं प्रकरण तर आणखी वाईट. चांदी वेगळी करायला दळलेलं खनिज, मीठ आणि पारा यांचा चिखल मजूर अनवाणी तुडवत. नंतर तापवून पारा उडवला, की वाफा थेट छातीत. हा पारा पेरूतल्या वानकावेलिकाच्या खाणीतून यायचा, आणि तिथल्या खाणकामगारांचे हाल काही कमी नव्हते. वर 1626 मध्ये पोटोसीजवळचं कारी कारीचं धरण फुटलं, खनिज दळायच्या गिरण्या आणि माणसं वाहून गेली.

यातली काही चांदी फिरत फिरत सुरतेला पोचली आणि वितळून मुघली रुपये झाली.