आधी महिना सांगा, मग मैल

लेखनशंका : या अंकात समुद्रप्रवास

काल्पनिक राज्यं, बेटं आणि राजघराणी रचणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यांतले जहाजांविषयीचे या खेपेला एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीत राजधानीचं बंदर आणि बंडखोरांचं बेट यांत ९०० किलोमीटर अंतर आहे. शिडाचं व्यापारी जहाज किती दिवसांत पोचेल? ‘जुन्या जहाजांचा वेग ८ नॉट’ असं वाचलं, त्यावरून अडीच दिवस येतात. (वाचक, चिपळूण)

उत्तर : अडीच दिवसांत पोचलं तर ते खलाशी म्हातारपणापर्यंत तीच एक गोष्ट सांगत बसतील. ८ नॉट हा चांगल्या दिवसातल्या चांगल्या तासांचा वेग. हिशेब धरायचा तो सरासरीचा.

नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. शब्दाचा मूळ अर्थ गाठ. लांब दोरीला दर १४.४ मीटरवर गाठ मारायची, टोकाला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात सोडायची आणि २८ सेकंदांची वाळूची घटिका रिकामी होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. तुमच्या एखाद्या पोरगेल्या खलाशाला काम हवं असेल तर हे द्या.

आता आकडे. १५-२० मीटर लांबीचं, मालाने भरलेलं जहाज मागच्या किंवा मागून तिरक्या वाऱ्यावर ४ ते ५ नॉट धरतं. म्हणजे २४ तासांत १८० ते २२० किलोमीटर. वारा पडता-उठता असेल तर ८० ते १००. वारा नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर), म्हणजे समोरून असेल तर ४०, आणि तेही तांडेल (खलाशांचा म्होरक्या) तरबेज असला तर. म्हणजे तुमचे ९०० किलोमीटर साडेचार दिवसांतही होतात, दहा दिवसांतही आणि बावीस दिवसांतही. तिन्ही उत्तरं खरी. कुठलं घ्यायचं ते वारा ठरवतो.

समोरच्या वाऱ्यात एवढी घसरण का? चौकोनी आडवं शीड वाऱ्याच्या दिशेशी ६५-७० अंशांपेक्षा कमी कोन करून चालत नाही. त्यामुळे जहाजाला नागमोडी जावं लागतं. १०० किलोमीटर पाणी कापलं की मुक्कामाच्या दिशेने ३८-४० पदरात पडतात. शिवाय वारा जहाजाला बाजूला ढकलत असतो, तेवढं आणखी वजा. ढावाचं (अरबी शिडाच्या जहाजाचं) किंवा गलबताचं तिरकं शीड ५५-६० अंशांपर्यंत जातं. तिथे शंभरातले पन्नास मिळतात. म्हणून कादंबरीत जहाजाचा रंग आणि नाळेवरची पुतळी सांगण्याआधी शीड कुठल्या आकाराचं आहे ते पक्कं करा.

दोन गोष्टी नकाशावर कराव्या लागतील. एक, अंतर पट्टीने न मोजता दोऱ्याने मोजा. भुशिरांना, खडकांना वळसा घालून दोरा ठेवा. दोन, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं जहाज रात्री नांगर टाकतं असं धरा. मग दिवसाचे तास निम्मे होतात. अशा प्रवासात पहाटेचे मतलई वारे जहाजाला खाडीबाहेर काढतात आणि दुपारनंतरचे खारे वारे पुन्हा किनाऱ्याकडे लोटतात. हे शाळेच्या भूगोलातलंच आहे, पण कथेत क्वचित दिसतं.

प्रश्न : नायक २५ दिवसांत समुद्र ओलांडून येतो. परतीलाही २५ दिवस दाखवले तर चालतील ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : चालणार नाहीत, आणि याचा पुरावा आपल्याच समुद्रात आहे. वास्को द गामाने २४ एप्रिल १४९८ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मालिंदी सोडलं आणि २० मे रोजी तो कालिकतजवळ पोचला. सरळ रेषेत सुमारे ४,२५० किलोमीटर, २६ दिवस, दिवसाला सरासरी १६० किलोमीटरच्या वर. सोबत हा समुद्र जाणणारा वाटाड्या होता, आणि नैर्ऋत्येचा वारा नुकता धरू लागला होता.

परतीला त्याने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑगस्टअखेर कालिकत सोडलं, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर (आज ते गोव्यात मोडतं) जहाजांची डागडुजी केली आणि ५ ऑक्टोबरला तो निघाला. तेव्हा पावसाळी वारा सरलेला असतो आणि ईशान्येचा अजून बसलेला नसतो. समुद्र तेलासारखा पडून राहतो, मध्येच उलटी झुळूक येते. आफ्रिकेचा किनारा दिसला तो २ जानेवारी १४९९ रोजी, मोगादिशूपाशी. ८९ दिवस! अंतर उलट कमी होतं, साडेतीन हजार किलोमीटरच्या आत. सरासरी दिवसाला ४० किलोमीटर. माणूस रस्त्याने चालत याहून फार मागे राहत नाही. या टप्प्यात सुमारे ३० माणसं स्कर्व्ही या रोगाने गेली. उरलेल्यांत तीन जहाजं हाकण्याएवढे हात नव्हते, म्हणून पुढे एक जहाज जाळून टाकावं लागलं. दोनेक महिने थांबून निघाला असता तर हीच वाट महिन्याभरात संपली असती.

तेव्हा तुमच्या जगासाठी आधी वाऱ्याचं पंचांग करा. कुठल्या महिन्यात वारा कुठून, आणि बंदर कधी बंद, एवढं एका पानावर. कोकणात जूनला बंद झालेला समुद्र नारळी पौर्णिमेला उघडतो, तसा एखादा सण तुमच्याकडेही आपोआप तयार होईल. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटलेला पोर्तुगीज ताफा सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागे. आफ्रिकेला वळसा घालायला उशीर झाला तर पुढचा वारा येईपर्यंत मोझांबिकला मुक्काम पडे. चार आठवड्यांच्या दिरंगाईची शिक्षा कित्येक महिन्यांची. खलनायकाला जहाज बुडवायची गरज नाही. बंदरातल्या अधिकाऱ्याला लाच देऊन कागद तीन आठवडे अडकवले तरी पुरे.

आणि पात्रांच्या तोंडी किलोमीटर घालू नका. अरबी समुद्रातले नाखुदा (जहाजांचे कप्तान) अंतर ‘झाम’मध्ये सांगत. झाम म्हणजे तीन तासांची वाटचाल, दिवसाचे आठ झाम. आपला प्रहर नेमका तेवढाच. ‘बेट इथून बारा प्रहर, वारा राहिला तर’ असं तांडेल म्हणाला की वाचकाला अंतर कळतं आणि धास्तीही.

प्रश्न : वल्ह्यांची युद्धनौका रात्रंदिवस वल्हवत चार दिवसांत ८०० किलोमीटर जाईल का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. प्राचीन ग्रीकांच्या तीन ओळींच्या युद्धनौकेत १७० वल्हेकरी असत. उन्हात वल्हवणाऱ्याला तासाला साधारण लिटरभर पाणी लागतं. दहा तासांचे झाले १,७०० लिटर, आणि नौका इतकी अरुंद की तेवढं पाणी ठेवायला जागा नाही, निजायला तर नाहीच. त्यामुळे जेवायला आणि रात्रीला किनाऱ्यावर उतरणं भाग. ४-५ नॉटने नऊ-दहा तास धरले तर दिवसाला ७० ते ९० किलोमीटर. लढाईतला जोराचा वेग काही मिनिटांपुरता.

वल्ह्यांची खरी किंमत वारा पडल्यावर कळते. मराठा आरमारातल्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडून परकी जहाजं जागच्या जागी डुलत असताना ही गलबतं जड गुराबांना (मोठ्या लढाऊ जहाजांना) दोरांनी ओढत त्यांच्या अंगावर नेत. तुमच्या ८०० किलोमीटरांना नऊ ते बारा दिवस द्या आणि दर संध्याकाळी उतरायला गोड्या पाण्याची जागा नकाशावर काढा. शत्रूला नेमक्या त्याच विहिरींवर पहारा बसवता येतो.

प्रश्न : २०० घोडेस्वार समुद्रमार्गे नेऊन अचानक हल्ला करायचा आहे. प्रवास १२ दिवसांचा. किती जहाजं लागतील? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घोडा समुद्रातून नेता येतो. होर्मुझहून चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत अरबी घोडे शतकानुशतकं उतरत होते. तरी एकदा वजनं मांडून बघा.

एका जहाजात २० घोडे धरले तर दहा जहाजं. एका घोड्याला दिवसाला ३० लिटर पाणी आणि ८ किलो सुका चारा. म्हणजे एका जहाजावर रोज ६०० लिटर; बारा दिवसांचे ७,२०० लिटर, अर्थात सात टन. वारा बिनसला तर काय, म्हणून दीडपट: जवळजवळ ११ टन. चाऱ्याचे जवळपास दोन टन, राखीव धरून तीन. घोड्यांचं स्वतःचं वजन आठ टन. माणसांना दिवसाला तीन लिटर प्रत्येकी, स्वयंपाकासकट. चाळीस माणसांचे बारा दिवसांत दीड टन भरतील. पाणीच सगळ्यात जड निघालं ना? स्वारीची योजना करणाऱ्या सेनापतीने पहिला प्रश्न पिंपांचा विचारला पाहिजे.

बिघडतं काय ते सांगतो. लाकडी पिंपं गळतात आणि दोन आठवड्यांत पाण्याला वास येतो. माणूस नाक दाबून पितो, घोडा तोंड फिरवतो. गवताला खारं पाणी लागलं की बुरशी. एक घोडा दिवसाला २० किलोच्या आसपास लीद टाकतो, म्हणजे जहाजावर रोज ४०० किलो. ती उपसून समुद्रात टाकायला माणसं नेमा, नाहीतर तळाची हवा डोळ्यांना झोंबेल. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे समुद्र लागला की तो खाणंच सोडतो आणि पोटशूळ उठतो. खवळलेल्या समुद्रात पोटाखालून पट्टा घालून त्याला आधार द्यावा लागतो. उतरल्यावर त्याचे पाय लटपटतात. किनाऱ्याला लागताक्षणी भरधाव चाल करणारं घोडदळ चित्रात शोभतं. तुम्ही निदान तीन-चार दिवस द्या. मग ‘अचानक’ हल्ला कसा करायचा, हा प्रश्न उरतोच. घोडे शत्रूच्याच तबेल्यातून पळवणं कदाचित स्वस्त पडेल.

प्रश्न : माझ्या जगाला दोन चंद्र आहेत. प्रवासाच्या वेळेवर परिणाम होईल? (वाचक, पणजी)

उत्तर : खोल समुद्रात फारसा नाही, बंदराच्या तोंडाशी भरपूर. भरती ओढणारा जोर चंद्राच्या वस्तुमानावर आणि अंतराच्या घनावर ठरतो. चंद्र निम्म्या अंतरावर आणला की जोर आठपट. तेव्हा दुसरा चंद्र लहान आणि दूर ठेवा, नाहीतर बंदरं वाहून जातील. आपल्याकडे सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. दोघे एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. दोन चंद्रांच्या जगात कधी तिघे जुळतील. ते महाउधाण किती वर्षांनी, ते तुम्ही ठरवा.

प्रवासाला लागू पडतं ते असं. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे, भरलेलं जहाज तीन मीटर पाणी खातं (तेवढं खोल बुडतं) आणि भांगेच्या भरतीला तिथे अडीचच मीटर पाणी चढतं. मग जहाज बंदर दिसत असूनही आठवडाभर बाहेर नांगरून राहणार. रोज भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. मुंबई-कोकणात वेळ काढायची जुनी युक्ती म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. तुमच्या कोळ्यांनाही असा एखादा गुणाकार द्या.

प्रश्न : जादूगार हवा तेवढा वारा आणू शकतो. मग जहाज हव्या त्या वेगाने जाईल ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : जादू वाऱ्यावर चालते, पाण्यावर नाही. चालणारं जहाज स्वतःच पुढे लाट उभी करतं आणि एका वेगानंतर त्या लाटेच्या चढणीत अडकतं. जलरेषेवरची लांबी मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, २.४३ने गुणा. १६ मीटरच्या जहाजाला येतात ९.७ नॉट. त्यापुढे वारा वाढवला तर शीड फाटेल, डोलकाठी मोडेल किंवा नाळ पाण्यात घुसेल. जादूगाराचा खरा फायदा खात्रीचा. अखंड ७ नॉट मिळाले तर दिवसाला ३१० किलोमीटर, आणि बंदरात वाट बघणं शून्य. तो झोपतो कधी, तेवढं ठरवा.

तळाला शेवाळ आणि कालवं चढलेली असतील तर यातूनही एखाद-दोन नॉट वजा करा.

प्रश्न : पाठलागाच्या प्रसंगात शत्रूचं जहाज किती लांबून दिसतं, आणि ते गाठायला किती वेळ लागतो? (वाचक, बंगळूर)

उत्तर : डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ ३.८६ने गुणा, क्षितिज तेवढे किलोमीटर दूर. डेकवर, पाण्यापासून ४ मीटरवर, पावणेआठ. २५ मीटरच्या डोलकाठीच्या टोकावर १९. समोरच्याची काठी १६ मीटर असेल तर तिचे १५ मिळवा: एकूण ३४ किलोमीटरवरून तिचं टोक दिसू लागतं, हवा स्वच्छ असल्यास.

पाठलाग करणारा एका नॉटने वेगवान असेल तर हे ३४ किलोमीटर भरून काढायला अठरा तासांवर लागतात. सकाळी दिसलेलं जहाज अंधार पडेपर्यंत हाती लागत नाही. पळणाऱ्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास दिवे लावून तीच दिशा धरायची, मग दिवे विझवून काटकोनात वळायचं. रात्र कृष्ण एकादशीच्या पुढची निवडा; चंद्र पहाटेकडे उगवतो, आणि तोवर सात-आठ तासांत ५० किलोमीटरांचं अंतर पडलेलं असतं.