मॅमोग्राफी नॉर्मल, तरी हाताला गाठ लागते

“मॅडम, महिन्यापूर्वीच मॅमोग्राफी केली, नॉर्मल आली. आता उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणतात, उजवीकडे गाठ लागते. खरं काय धरायचं?” वय ४८. आम्ही ‘काही नाही हो’ म्हणावं एवढीच त्यांची अपेक्षा.

तसं म्हणता येत नाही. या वयात स्तनाचं ऊतक बरेचदा दाट असतं. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, ते पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच. त्यामुळे हाताला लागलेली गाठ नॉर्मल रिपोर्टने रद्द होत नाही. आधी सर्जनची तपासणी, मग नेमक्या त्या जागेची सोनोग्राफी आणि शंका उरली तर जाड सुईने तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. सुईने कॅन्सर पसरतो का, हेही त्यांनी विचारलं. नाही पसरत.

त्यांची दुसरी शंका: सिस्टरने नीट तपासलं असेल का? पाळी सुरू असेल तर ती सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी तपासावं. पाळीच्या तोंडावर स्तन गाठाळच लागतात. आडवं झोपवून, हात डोक्यामागे. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळं काढत, प्रत्येक जागी दाब तीनदा: हलका, मध्यम, मग बरगडीपर्यंत. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मध्यापासून काखेखालपर्यंत उभे पट्टे, एकही जागा न सोडता. चिमटीत धरलं तर साधं मांसही गाठ वाटतं. घोळ बहुधा इथेच होतो. काख आणि गळ्याच्या हाडावरचा खळगा बसवून तपासतात. एका स्तनाला तीनेक मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटात उरकलेली तपासणी आम्ही धरत नाही.

“मग हातच पुरे की!” तसंही नाही. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईत दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासल्यावर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. घरी स्वतः तपासणं वेगळं. शांघायच्या गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार स्त्रियांच्या अभ्यासात त्याने मृत्यू घटले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून लेकीला दर महिन्याला स्वतः तपासायचं वेळापत्रक लावू नका. नवी गाठ, खळी, आत ओढलेलं बोंड किंवा रक्ताळ स्राव दिसला तर लगेच दाखवायला सांगा.

सोनोग्राफीत पाण्याची गाठ निघाली. सुईने पाणी काढलं. ते रक्ताळ नव्हतं आणि गाठ पूर्ण बसली. सहा आठवड्यांनी तीच जागा हाताने पुन्हा तपासायची; भरलेली लागली तर परत सोनोग्राफी.