सारांशात महत्त्वाचं काही सुटलं तर?

पीटीई अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारे बरेच जण माझ्याकडे हीच काळजी घेऊन येतात. मिरजेच्या एका परिचारिकेला तर या भीतीनं पार घेरलं होतं. ऑस्ट्रेलियात नर्सिंगची नोंदणी करायची होती, त्यासाठी ही परीक्षा. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून आपलं इंग्रजीच कच्चं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

परीक्षेतल्या सारांशाच्या प्रश्नात 300 शब्दांपर्यंतचा उतारा येतो. 10 मिनिटांत त्याचा सारांश एकाच वाक्यात लिहायचा, 5 ते 75 शब्दांत. दुसरं वाक्य सुरू झालं किंवा 76वा शब्द पडला, की 'फॉर्म'ला, म्हणजे ही मर्यादा पाळण्याच्या गुणांना, शून्य.

त्यांनी सरावाचा उतारा दाखवला, मध्य आशियातल्या अरल समुद्रावरचा. त्यांच्या वाक्यात सगळं होतं: सोव्हिएत काळ, आमू दर्या, सिर दर्या, कापूस, मासेमारी, खारी धूळ, 2005 सालचा बांध. 'अँड'वर 'अँड' जोडत वाक्य पंचाहत्तरीच्या पुढे गेलं होतं. पण व्याकरणाची चूक जवळजवळ नव्हती. इंग्रजी कच्चं नव्हतंच. गाळायची हिंमत होत नव्हती.

मी विचारलं, "ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला ओव्हर देता, तेव्हा पेशंटची अख्खी फाइल वाचून दाखवता का?"

"छे हो मॅडम. काय झालंय, कशामुळे, आता काय बघायचं, एवढंच."

"मग अरलचा ओव्हर द्या. मराठीत."

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कापसासाठी नद्यांचं पाणी वळवलं म्हणून समुद्र आटला, मासेमारी बुडाली, खारी धूळ उडायला लागली, उत्तरेचा भाग मात्र बांधामुळे थोडा सावरला." नद्यांची नावं गेली, सालही गेलं, आणि काहीच बिघडलं नाही. तेच मग 'बिकॉज' आणि 'ऑल्दो' वापरून इंग्रजीत उतरवलं. चाळीसेक शब्द झाले.

क्लासमध्ये पाठ करून घेतलेला साचा त्यांनी सोडावा, असा मी आग्रह धरला. कुठल्याही उताऱ्याला चालणारी ती पंधरा-वीस शब्दांची सुरुवात आशयाची जागा खाते. घाबरलेल्या माणसाला साच्याचा आधार वाटतो, हे मला कळतं; तरी तो सोडाच.

शेवटी त्यांनी विचारलं, उताऱ्यातलेच शब्द वापरले तर चालतात का? कापसाला दुसरा शब्द शोधत बसू नका, मी म्हटलं. मुख्य शब्द घ्या, फक्त आख्खं वाक्य उचलू नका. आणि शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा: कर्त्याशी क्रियापद जुळतंय का, शब्द किती झाले, आणि पूर्णविराम एकच आहे ना, तोही अगदी शेवटी.